झेंडूची गोळी आणि करडईची भाजी

"भाजीपाल्यानं डोळे शाबूत राहत असते, तर गावोगाव मोतीबिंदूची शिबिरं कशाला भरली असती?" धाराशिव जिल्ह्यात हा प्रश्न पारावर ऐकू येतो, एस.टी. स्टँडवर ऐकू येतो, औषधाच्या दुकानाच्या पायरीवर तर हमखास ऐकू येतो. विचारणाऱ्याला उत्तर नको असतं. आपण समोरच्याला गप्प केलं, एवढंच समाधान त्याला पुरतं. तेव्हा आधी त्याचं म्हणणं त्याच्या बाजूनं होईल तितकं चोख मांडू. साठी उलटली की दिसायचं कमी होणारच. केस पिकतात तसे डोळेही पिकतात. मोतीबिंदू झाला की शिबिरात जायचं, भिंग बसवून दुसऱ्या दिवशी घरी यायचं. पडद्याचं काही निघालं तर ते ज्याच्या त्याच्या नशिबाचं. खाण्याचा आणि नजरेचा संबंध लहान लेकरांच्या रातांधळेपणापुरता, आणि तो जमाना गेला. तरीही पोरांना आई-वडिलांसाठी काही करावंसं वाटलंच, तर दिवाळीला पुण्याहून येताना डोळ्यांच्या व्हिटॅमिनचा डबा आणावा. त्यात निदान काही शास्त्र असतं. करडई, पाथरी, तांदुळजा, हरभऱ्याचा पाला हे दुष्काळातलं खाणं. त्यात कसलं आलंय औषध?

या मताचे दोन तुकडे आहेत आणि ते एकमेकांना खोडतात. डोळे वयानंच जाणार असतील, तर डबा कशाला? आणि डब्यातल्या गोळीनं फरक पडणार असेल, तर तोंडावाटे पोटात गेलेलं द्रव्य डोळ्यापर्यंत पोचतं, हे तुम्ही कबूल केलंच की. मग तेच द्रव्य पानातून गेलं तर वाटेत कुठं अडतं? डब्यावरचं बारीक अक्षर वाचून पाहावं (त्याला चांगली नजर लागते, ही त्यातली गंमत). पुष्कळ डब्यांवर ल्युटीन हे नाव सापडतं. बाजारात विकलं जाणारं बहुतांश ल्युटीन येतं कुठून? झेंडूच्या पाकळ्यांतून. नवरात्रात तुळजापूरच्या वाटेवर ढिगानं मांडलेला असतो आणि दसऱ्याच्या संध्याकाळी भाव कोसळला की रस्त्याच्या कडेला ओतला जातो, तोच झेंडू. त्याच्या पाकळ्या वाळवायच्या, अर्क काढायचा, तेलात मिसळून कॅप्सूलमध्ये भरायचा. कोंबड्यांच्या खाद्यातही हाच अर्क घालतात, अंड्याचा बलक पिवळाधमक दिसावा म्हणून. वनस्पतीतला रंग डोळ्यात जाऊन बसतो हे कॅप्सूलवाल्याला पटलेलं आहे, तो बलकात उतरतो हे पोल्ट्रीवाल्याला पटलेलं आहे. पटत नाही ते फक्त त्या माणसाला, ज्याच्या बांधावर हाच रंग हिरव्या पानांच्या आड फुकट उगवतो.

पानांच्या आड, असं मुद्दाम म्हटलं. ल्युटीन पिवळं असतं, पण पालेभाजीत ते हिरव्या रंगाखाली झाकलेलं असतं, म्हणून दिसत नाही. डोळ्यात मात्र ते दिसतं. डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध वाटाण्याएवढा एक भाग आहे. त्याला आपण पीतबिंदू म्हणतो. सुईत दोरा ओवणं, पेपर वाचणं, समोरून येणाऱ्याचा चेहरा ओळखणं ही सगळी बारीक कामं त्याच्याकडं. तो पीत आहे तो ल्युटीन आणि झियाझँथिन या दोन रंगद्रव्यांमुळं. मक्याच्या पिवळेपणातही या दुसऱ्याचा वाटा असतो. माणसाचं शरीर यातला कणभरही स्वतः तयार करू शकत नाही. जे आहे ते सगळं जेवणातून गेलेलं. ही रंगद्रव्यं दोन कामं करतात. प्रकाशातला तीव्र निळा भाग पडद्याच्या पेशींवर आदळण्याआधीच शोषून घेतात, आणि सतत प्राणवायू जाळणाऱ्या त्या पेशींमध्ये जी जळजळीत रसायनं तयार होतात, त्यांना थंड करतात. हा थर वर्षानुवर्षं विरळ राहिला तर काय होतं? उतारवयात पीतबिंदू झिजायला लागतो तेव्हा सरळ ओळ वाकडी दिसते, चेहऱ्याच्या जागी मधोमध डाग येतो, कडेचं तेवढं दिसत राहतं. आणि इथं मोतीबिंदूसारखं नवं भिंग बसवून मोकळं होता येत नाही. झिजलेला पीतबिंदू बदलून मिळत नाही. मग "वय झालं" म्हणजे नेमकं काय झालं? वय म्हणजे साठ-सत्तर वर्षांचं ऊन, चुलीचा धूर, तंबाखू, साखर आणि ताटात पडलेलं किंवा न पडलेलं अन्न. यातल्या एकाही गोष्टीला हात न लावता सगळा दोष वाढदिवसांवर ढकलणं सोयीचं आहे, म्हणून ते खपतं.

यावर शिकलेला माणूस म्हणतो, "हे सगळं ऐकायला बरं आहे, पण पुरावा?" जरूर. १९९४ साली अमेरिकेत डॉ. जोहाना सेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीतबिंदूच्या झिजेचे रोगी आणि निरोगी माणसं यांचं खाणं ताडून पाहिलं. ज्यांच्या आहारात ही रंगद्रव्यं सर्वांत जास्त होती, त्यांच्यात प्रगत झिजेचा धोका सर्वांत कमी खाणाऱ्यांच्या तुलनेत ४३ टक्क्यांनी कमी निघाला; आणि त्यात पालकासारख्या गडद पालेभाज्यांचा संबंध सर्वांत घट्ट होता. आक्षेप ठरलेला आहे: पालक खाणारा माणूस विड्याही कमी ओढत असेल, चालतही असेल, मग श्रेय पालकालाच कशाला? आक्षेप रास्त आहे. अशा अभ्यासातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. पण मग हाच कडक नियम डब्यालाही लावा. गोळ्यांच्या रीतसर चाचण्या झाल्या आहेत आणि त्यांचे निकाल उघड आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेच्या २००१ सालच्या मोठ्या चाचणीत ठरावीक जीवनसत्त्वं आणि जस्त यांच्या गोळीनं झीज पुढच्या टप्प्यात जाण्याचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी घटला, पण कुणाचा? ज्यांना आधीच मध्यम टप्प्याची झीज होती, त्यांचा. ज्यांना झीज नव्हती किंवा नुकती सुरू झाली होती, त्यांना काही फायदा दिसला नाही. मोतीबिंदूवर तर त्या गोळीचा काहीच परिणाम झाला नाही. म्हणजे डोळ्यांतून पाणी येतं म्हणून, चष्म्याचा नंबर वाढला म्हणून, शेजाऱ्यानं आणला म्हणून जो डबा घरात येतो, त्याला या चाचणीचा आधार नाही. ज्यांना नेत्रतज्ज्ञानं पडदा तपासून ती गोळी लिहून दिली आहे, त्यांनी ती खुशाल घ्यावी. इथं भांडण आहे ते न तपासता आणलेल्या डब्याशी.

२०१३ साली याच संस्थेच्या दुसऱ्या चाचणीचा निकाल आला आणि तो डबेवाल्यांपेक्षा भाजीवालीच्या जास्त कामाचा आहे. पहिल्या गोळीतलं बीटा-कॅरोटीन काढावं लागलं, कारण विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत आणि पूर्वी ओढलेल्यांत त्यानं फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. त्या जागी रोज १० मिलिग्रॅम ल्युटीन आणि २ मिलिग्रॅम झियाझँथिन घातलं. त्याचा सर्वांत ठळक फायदा कुणाला झाला? ज्यांच्या रोजच्या जेवणात ही द्रव्यं सर्वांत कमी होती, त्या गटाला. त्यांच्यात झीज पुढं सरकण्याचा धोका २६ टक्क्यांनी कमी झाला. गोळीनं काय केलं ते आता सरळ सांगता येतं: ताटात जी भाजी नव्हती, तिची जागा थोडीफार भरून काढली. आणि किती भाजीची? शंभर ग्रॅम पालकात दहा मिलिग्रॅमच्या वर ल्युटीन आणि झियाझँथिन असतं. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत आपल्याकडच्या पालेभाज्यांतली ही द्रव्यं मोजली गेली आहेत, आणि आपण ज्यांना किरकोळ समजतो अशा भाज्या त्यात भरघोस निघाल्या आहेत. कॅप्सूलमधला दिवसाचा डोस एका मध्यम जुडीत मावतो.

आता शिबिराकडं वळू, कारण पारावरचा मूळ प्रश्न तिथला आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ही वैद्यकशास्त्रातल्या सर्वांत यशस्वी गोष्टींपैकी एक आहे; मराठवाड्याला ते वेगळं सांगायला नको. शेजारच्या लातूर जिल्ह्यातल्या माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने यांच्या हातून लाखावर माणसांना दृष्टी मिळाली आहे. धरलेला मोतीबिंदू भाजीनं विरघळत नाही, थेंबांनी विरघळत नाही, त्याला शस्त्रक्रियाच लागते, हेही एकदा स्पष्ट म्हणून ठेवू. पण शस्त्रक्रिया आहे म्हणून जेवणाकडं बघायचंच नाही, हा कुठला न्याय? टँकर येतो म्हणून विहीर बुजवायची का? २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या भारतीयांमधल्या अंधत्वाचं ६६.२ टक्के कारण मोतीबिंदूच निघालं. इतकी शिबिरं भरूनही! कारण शिबिराची तारीख, गाडीची सोय, सोबत येणारं माणूस आणि रक्तातली साखर या चारही गोष्टी एका दिवशी जुळाव्या लागतात, आणि त्या जुळेपर्यंत "पिकू द्या अजून" म्हणत म्हातारं माणूस भिंत धरून चालत राहतं. मोतीबिंदू दहा वर्षं पुढं ढकलता आला तर शस्त्रक्रियांची गरज निम्म्यावर येईल, हा अंदाज नेत्रतज्ज्ञ कित्येक वर्षांपासून मांडत आले आहेत.

पुढं ढकलता येतो का, हे समजायला भिंगाची घडण पाहावी लागते. डोळ्यातल्या नैसर्गिक भिंगाच्या गाभ्यातले तंतू आपण आईच्या पोटात असताना तयार होतात आणि मरेपर्यंत तेच राहतात. कातडीसारखी त्यांची कात टाकली जात नाही. त्यातली प्रथिनं पारदर्शक असतात. अंड्याचा पाणीदार पांढरा भाग तव्यावर पडला की जसा दुधी होतो, तशी ही प्रथिनं आयुष्यभराच्या उन्हानं आणि जळजळीत रसायनांनी हळूहळू गोळा होऊन दुधी होतात. यांना राखण म्हणून शरीरानं भिंगाभोवतीच्या पाण्यात क जीवनसत्त्वाचा साठा ठेवलेला आहे, रक्तात असतं त्याच्या वीसेक पट. हा साठा भरायला रक्तात आधी ते असावं लागतं. हरयाणा आणि पुदुच्चेरी परिसरातल्या साठीपुढच्या साडेपाच हजारांवर माणसांचं रक्त तपासलं गेलं, तेव्हा उत्तरेत शंभरातल्या सुमारे ७४ आणि दक्षिणेत सुमारे ४६ जणांत क जीवनसत्त्वाची कमतरता निघाली. तंबाखू खाणारे, चुलीच्या धुरात राहणारे आणि क जीवनसत्त्व कमी खाणारे यांच्यात ती अधिक होती. आणि ज्यांच्या रक्तात ते अधिक, त्यांच्यात मोतीबिंदू कमी. "हे अमेरिकेतल्या गोऱ्यांचं झालं" असं म्हणणाऱ्यांसाठी हा आपल्याच देशातल्या, आपल्यासारखंच जेवणाऱ्या म्हाताऱ्यांचा हिशेब आहे. ब्रिटनमधल्या जुळ्या बहिणींच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहारातून क जीवनसत्त्व जास्त घेणाऱ्यांत दहा वर्षांत मोतीबिंदू वाढण्याचा धोका तिसऱ्या हिश्श्यानं कमी निघाला. गोळीतून घेणाऱ्यांत तो फायदा दिसला नाही. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात पाच वर्षं जीवनसत्त्वांच्या गोळ्या देऊन पाहिल्या, तिथंही मोतीबिंदूची चाल मंदावली नाही. डब्याच्या भक्तांनी हे दोन निकाल शेजारी शेजारी ठेवून वाचावेत.

मग ठेवणीतला आक्षेप येतो: "आमच्या आज्जीनं जन्मभर भाजी-भाकरीच खाल्ली, तिला का झाला मोतीबिंदू?" आज्जीनं भाकरी खाल्ली, हे खरं. भाजी किती खाल्ली? १९७२ च्या दुष्काळात काय खाल्लं? सगळ्यांना वाढून झाल्यावर बुडाला उरलेल्या कालवणात पान होतं का नुसतं पाणी? शिवाय तिनं चाळीस वर्षं धुरात तोंड घालून चूल फुंकली, सकाळ-संध्याकाळ मिश्री लावली, भर उन्हात डोक्यावरच्या पदराच्या सावलीत खुरपणी केली. धूर, तंबाखू आणि ऊन हे तिन्ही मोतीबिंदूचे मान्य साथीदार. एवढं सगळं सोसून तिला तो पन्नाशीऐवजी पासष्टीला झाला असेल, तर भाजीनं काय केलं हे विचारायचं की काय नाही केलं हे? भाजी कवच देत नाही, धोका कमी करते. पावसाचा अंदाज, पिकविमा आणि सोयाबीनचा भाव यात शक्यतांचा हिशेब रोज करणारा शेतकरी डोळ्यांच्या बाबतीतच शंभर टक्क्यांची हमी का मागतो?

साखरेचं थोडक्यात सांगतो, कारण ढोकीच्या तेरणा कारखान्याच्या जिल्ह्याला साखर काय चीज आहे हे नव्यानं सांगायची गरज नाही. २०२३ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीनं देशात १०.१ कोटी मधुमेही असल्याचा अंदाज दिला. मधुमेहात पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या पाझरतात, फुटतात, आणि दुखत नाही म्हणून माणूस वर्षानुवर्षं गाफील राहतो. अशा घरात डोळ्यांसाठी गोळी चालू, आणि दिवसातून पाच वेळा दोन-दोन चमचे साखरेचा चहाही चालू! रेशनचा तांदूळ-गहू आला आणि ज्वारीची भाकरी रोजच्या ताटातून मागं सरली, हे डोळ्यांच्या दृष्टीनंही नुकसान आहे. भाकरीसोबत डाळ आणि पालेभाजी आपोआप येते; भातावर नुसतं पातळ वरण आलं तरी जेवण झाल्यासारखं वाटतं.

या जिल्ह्याला यातलं काहीच माहीत नव्हतं असं असतं, तर एवढा राग आला नसता. माहीत होतं. मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला, म्हणजे आपल्या येळवशीला, रानात जी भज्जी नेतात ती नीट पाहा. तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे, मेथी, पालक, चाकवत, कांद्याची पात, मूठभर कोथिंबीर, गाजर, वांगं, चिंचेचा कोळ, बेसनाचं लावण आणि वरून लसूण-मिरचीची सढळ फोडणी. सोबत ज्वारी-बाजरीचे उंडे आणि मडक्यातली आंबील. डोळ्याच्या आहाराबद्दल तज्ज्ञ जे सांगतात ते सगळं या एका पातेल्यात आहे: गडद पानं, पिवळा-केशरी रंग, डाळींतलं जस्त, आणि तेल. तेलाचं मुद्दाम सांगतो. ल्युटीन स्निग्ध पदार्थात विरघळतं. तेलाशिवाय ते आतड्यातून नीट शोषलं जात नाही. शिजवल्यानं पानांच्या पेशी फुटतात आणि ते मोकळं होतं. अंड्याच्या बलकातलं ल्युटीन कमी असूनही अंगी चांगलं लागतं ते याच कारणानं, बलकात चरबी असते. म्हणजे फोडणी ही नुसती चवीची चैन नव्हती. वर्षातला एक दिवस सगळा जिल्हा कडब्याच्या कोपीपुढं बसून हे खातो, मोबाईलवर त्याचे फोटो टाकतो, आणि दुसऱ्या दिवशी घरात पुन्हा बटाट्याचा रस्सा शिजतो. जवसाची चटणी, कारळ्याची चटणी, मेथीचा कच्चा घोळाणा, तुरीच्या डाळीत घोटलेलं तांदुळजाचं गरगटं, सकाळी दव असताना खुडलेले हरभऱ्याचे आंबट शेंडे: हे रोजचं होतं, आता ते 'गावाकडची चव' म्हणून ढाब्यावर विकत मिळतं.

करडईची भाजी कुठं गेली ते पाहिलं की सगळं उलगडतं. रब्बी ज्वारीच्या कडेनं करडईच्या काटेरी ओळी असायच्या. जनावरं आत शिरू नयेत म्हणून, आणि घरच्या तेलासाठी. रोपं वीतभर झाली की विरळणी करायची, आणि उपटलेली कोवळी रोपं म्हणजेच भाजी. कुणी ती विकत घेत नव्हतं; ती शेतीच्या कामातून आपोआप घरी यायची. सोयाबीन आलं, करडई गेली, तिच्याबरोबर भाजीही गेली. तांदुळजा, घोळ, चिवळ यांचं तर आणखी वाईट झालं. सोयाबीनमध्ये तणनाशकाची फवारणी झाली की सर्वांत आधी मान टाकतात त्या ह्याच. कृषी विभाग ऑगस्टमध्ये रानभाजी महोत्सव भरवतो, टेबलावर केळीची पानं अंथरून या भाज्या मांडतो. त्याच महिन्यात रानात त्यांना मारायचं औषध पाठीवरच्या पंपातून चालू असतं. याला काय म्हणायचं?

"पण पाणी कुठंय?" हा प्रश्न मात्र टिंगलीवारी नेण्यासारखा नाही. धाराशिव हा अवर्षणाचा जिल्हा; २०१८ साली तो नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेला. पण याच जिल्ह्यात त्याचं उत्तर दिलं गेलेलं आहे. १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-धाराशिव भागात बायकांच्या गटांबरोबर काम करणाऱ्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेनं एक एकराचा नमुना उभा केला. घरच्या जमिनीतला एक एकर बाईच्या हाती द्यायचा, त्यात नगदी पिकाऐवजी धान्य, डाळी आणि भाज्या अशी अनेक खाण्याची पिकं कमी पाण्यावर घ्यायची, आधी घरची चूल आणि मग बाजार. २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक या संस्थेला मिळालं. म्हणजे जगानं दखल घेतली. आपण मात्र "आमच्याकडं काय पिकतंय" म्हणत औषधाच्या दुकानाकडं बघत बसलो. दारातला शेवगा आणि कढीपत्ता मोरीच्या पाण्यावर जगतात. बालाघाटाच्या उतारावर पेरू येतो, आवळा येतो. शंभर ग्रॅम पेरूत दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असतं, प्रौढ पुरुषाची दिवसाची गरज ८० मिलिग्रॅम. श्रावणबाळ योजनेच्या दीड हजार रुपयांतून डब्याचे पैसे काढणाऱ्यानं पेरूचा भाव एकदा विचारून पाहावा.

दुसऱ्या टोकालाही एक जमात आहे, तिला यात आपला विजय दिसायला नको. गाजर खाऊन चष्मा फेकून द्या, डोळ्यात मध घाला, कांद्याचा रस टाका, अमुक झाडाच्या मुळीनं काचबिंदू बरा होतो, असे निरोप मोबाईलवर फिरवणारे हे लोक. डोळ्यात यातलं काहीही घालू नये; बुबुळाला जखम होऊन कायमचा डाग पडतो. काचबिंदू अन्नानं बरा होत नाही, त्याला डॉक्टरचे थेंब रोज लागतात आणि ते चुकवले तर गेलेली नजर परत येत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर पालेभाजी किती खायची हे डॉक्टरला विचारावं. अन्न म्हणजे जादू, असं म्हणणारा आणि अन्नात काहीच नाही, असं म्हणणारा हे दोघेही ताटाकडं न बघताच बोलतात.

राहता राहिला शेवटचा आक्षेप, आणि तो बहुतेक सुनेच्या तोंडून येतो: "त्यांना दात कुठं आहेत? भाजी वाढली तर ताटाच्या कडेला सारतात." म्हणून मग म्हाताऱ्या माणसाला सकाळी चहात बुडवलेला टोस्ट, दुपारी वरण-भात, रात्री दूध-भाकरी कुस्करून. सगळं पांढरं, मऊ आणि सोपं. दिवसभराच्या खाण्यात हिरवं एक पान नाही, आंबट एक फोड नाही. ज्या वयात पीतबिंदूला आणि भिंगाला राखण सर्वांत जास्त हवी, नेमकं त्याच वयात घर त्यांच्या ताटातून भाजी काढून घेतं आणि बदल्यात उशाशी डबा ठेवतं. आणि दात नसणाऱ्यांसाठीच तर या भागानं गरगटं शोधलं! डाळीत पानं मऊ शिजवायची, रवीनं घोटायची, वर तेलाची फोडणी, खाली उतरवल्यावर लिंबू; आधी पिळलं तर उकळीत क जीवनसत्त्व जातं. पिकलेला पेरू बिया काढून चमच्यानं देता येतो. आवळा किसून मिठाबरोबर देता येतो. यात न परवडण्यासारखं किंवा न जमण्यासारखं काय आहे? राष्ट्रीय पोषण संस्था माणशी दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं सांगते. तेवढं नका वाढू. निम्म्यापासून सुरुवात करा. पण "वय झालंय त्यांचं" हे वाक्य पुन्हा उच्चारण्याआधी आज रात्री आपल्या आईच्या, वडिलांच्या ताटात एकदा डोकावून बघा, त्यात हिरवं काय आहे ते.